सोलापूरच्या या थेरपी सेंटरबद्दल, जूबेर सिंड्रोम (जन्मापासूनचा एक दुर्मिळ आजार) असलेल्या मुलीच्या आईचा रिव्ह्यू

मी रिव्ह्यू वगैरे कधी लिहीत नाही. पण गेल्या आठवड्यात सेंटरच्या बाकावर एक बाई तिचं पाच महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती, बाळ भराभरा धापा टाकत होतं आणि ती शेजारणीला सांगत होती की डॉक्टर म्हणालेत मोठं झालं की आपोआप जाईल. मला एकदम आमची चिऊ त्या वयाची दिसली. म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना नुसती फी आणि टायमिंग पाहिजे त्यांनी सरळ खाली जा.

आम्ही बार्शीजवळच्या एका खेड्यातले. चिऊ आता साडेचार वर्षांची आहे, ती सात महिन्यांची असल्यापासून इथे येतोय, म्हणजे जवळजवळ चार वर्षं होत आली, एसटीनं जायला दोन तास यायला दोन तास, आठवड्यातून दोनदा. एवढं कोणी उगाच करत नाही.

आधी काय झालं ते सांगते कारण त्याशिवाय या सेंटरनं काय केलं ते कळणार नाही. बाळंतपण माहेरी झालं, वजन चांगलं, रडली पण लगेच. तिसऱ्या दिवशी मी बघितलं की ती मधेच एकदम जोरात श्वास घ्यायला लागते, उन्हात कुत्रं जीभ काढून धापा टाकतं ना अगदी तसं, अर्धा मिनिट कधी मिनिटभर, आणि मग श्वास थांबायचाच. मी मनात आकडे मोजायचे. सात, आठ, नऊ, आणि मग परत चालू. नर्स म्हणाल्या नवीन बाळाचा श्वास असाच वरखाली असतो, आणि खरंच थोडाफार असतो म्हणून मीही गप्प बसले. एकदा ओठ निळसर पडले तेव्हा रात्रीतून दवाखाना गाठला, चार दिवस काचेत ठेवलं, एक्सरे क्लिअर, घरी पाठवलं. कागदावर कफ लिहिलं होतं.

मग नजर. तीन महिने झाले तरी चेहऱ्याकडे बघायची नाही. डोळे कधीकधी थरथरायचे. डोळ्याच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून तपासलं, पडदा ठीक दिसतोय म्हणाले, सहा महिन्यांनी दाखवा. आणि तिसरं म्हणजे अंग. इतकं लुळं की अंघोळ घालताना हातातून निसटायची, कापसाची बाहुली उचलावी तसं वाटायचं, मान तर अजिबात नाही. जीभ सारखी आतबाहेर. त्यावर सगळ्यांचं एकच, मालिश नीट होत नाही. दृष्ट काढून झाली, गंडा बांधून झाला, तेलं बदलून झाली. कोणाचीच माया कमी नव्हती हे मुद्दाम लिहितेय, माझ्या आईनं तर तिच्यासाठी झोप सोडली होती.

मधे एका ठिकाणी सीटी स्कॅन काढला, रिपोर्टवर डँडी वॉकर असं काहीतरी लिहून आलं, डोक्यात पाणी झालंय ऑपरेशन लागू शकतं असं सांगितलं आणि आम्ही घरी येऊन दोन दिवस चूल पेटवली नाही.

म्हणजे बघा, श्वासाला एक डॉक्टर, डोळ्याला दुसरा, अंगाला मालिशवाली आणि डोक्याला सीटी. चारही ठिकाणी मीच चिऊला घेऊन गेले होते पण हे सगळं एकत्र धरून मीही कोणाला सांगितलं नाही कारण मला माहीतच नव्हतं की ते एकाच गोष्टीचं आहे.

या सेंटरला आलो ते नुसतं मान धरण्याच्या व्यायामासाठी. पहिली व्हिजिट सव्वा तास चालली. सेंटरच्या मॅडमनी आधी चिऊचे मोजे काढले, हातापायाची बोटं एकेक मोजली (तेव्हा मला कळलं नाही का, नंतर कळलं की यातल्या काही मुलांना सहावं बोट असतं, चिऊला नव्हतं). मग मॅटवर पालथं टाकलं, उताणं केलं, लाल लोकरीचा गोंडा डोळ्यासमोरून हळू डावीकडे नेला. चिऊचे डोळे जागचे हलले नाहीत. मग तिनं मान एकदम झटकली, गोंड्याच्याही पुढे गेली आणि मागून डोळे हळूच येऊन गोंड्यावर टेकले. मॅडमनी तीन वेळा तेच केलं आणि तिन्ही वेळा तसंच झालं. तेवढ्यात ती धापा टाकायला लागली. मॅडम म्हणाल्या, "ताई, श्वास असा कधीपासून आहे?" मी म्हटलं तिसऱ्या दिवसापासून. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला, म्हणाल्या आत्ता व्हिडिओ काढा, आणि घरी पण निदान पाच-सहा वेळचे काढून ठेवा, डॉक्टरकडे गेलं की नेमकं तेव्हा होत नाही.

हे सगळ्या आईबापांनी लक्षात ठेवा. फेफरं असो, धाप असो, डोळे फिरवणं असो, व्हिडिओ काढा. तोंडी सांगितलेलं कोणाला नीट दिसत नाही. आणि ओठ निळे पडले तर व्हिडिओ बिडिओ काही नाही, सरळ दवाखाना.

मॅडमनी आम्हाला आजाराचं नाव सांगितलं नाही. म्हणाल्या निदान करणं माझं काम नाही, पण लुळेपणाला शंभर कारणं असतात, लुळेपणा अधिक हा श्वास अधिक हे डोळे एकाच बाळात दिसले तर छोट्या मेंदूचा मधला भाग बघायला पाहिजे, सीटीत तो नीट कळत नाही, एमआरआय करा आणि लहान मुलांच्या न्यूरोलॉजिस्टनाच दाखवा. एक पानाची चिठ्ठी लिहून दिली. त्यात शेवटी लाल पेनानं लिहिलं होतं की श्वास थांबण्याचे प्रसंग होतात, भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांना कळवावे. या एका ओळीसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. पुण्यात एमआरआयच्या वेळी भूलतज्ज्ञांनी ती चिठ्ठी वाचली, आम्हाला आत बोलावून सगळं विचारलं, व्हिडिओ बघितला, आणि मग सांगितलं की अशा मुलांचा श्वास भुलेच्या काही औषधांनी जास्त दाबला जातो, आम्ही औषध बदलतोय आणि आजची रात्र तिला मॉनिटरवर ठेवतोय. चिठ्ठी नसती तर नेहमीसारखं झोपेचं औषध देऊन मशिनमधे घातलं असतं.

एमआरआयची फिल्म न्यूरोलॉजिस्टनी खिडकीच्या उजेडाला धरली आणि बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, दाढ दिसतेय का?" आणि खरंच दिसत होती हो. दोन मुळांची दाढ उपटून आडवी ठेवावी तशी, मेंदूच्या मधोमध. ते म्हणाले छोट्या मेंदूचे दोन भाग जोडणारा मधला पट्टा असतो त्याला वर्मिस म्हणतात, तो हिच्यात फार लहान राहिलाय, आणि छोट्या मेंदूतून वर जाणारे दोन दोर जाड आणि लांब झालेत, म्हणून आडव्या कापात तसा आकार दिसतो. याला मोलर टूथ साइन म्हणतात आणि आजाराचं नाव जूबेर सिंड्रोम. डोक्यात पाणी नाही, डँडी वॉकर नाही, ऑपरेशन नाही. १९६९ साली कॅनडात डॉ. मारी जूबेर यांनी पहिल्यांदा एकाच घरातल्या चार भावंडांमधे हे ओळखून लिहिलं, हाच श्वास, हेच डोळे, हाच तोल. मला ते ऐकून कसंतरीच झालं. त्या चौघांची आई चार वेळा आकडे मोजत बसली असेल.

साधारण लाखात एखाद्या मुलाला होतो असं सांगितलं. बरा होत नाही, पण श्वासाचा त्रास बहुतेक मुलांत वयानुसार कमी होत जातो. चिऊचा दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ गेला. ही मुलं बसायलाच दीड-दोन वर्षं घेतात, जी चालतात ती बरीचशी चार वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही उशिरा. म्हणजे एक वर्ष झालं तरी बसत नाही म्हणून आशा सोडायची नसते, हिशोबच वेगळा धरायचा.

आता सेंटरचं काम. परत आलो तेव्हा मॅडमनी रिपोर्ट वाचून पहिल्या दिवशी जे सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या म्हणाल्या मान झटकते ती वाईट सवय नाही, डोळे हुकमावर वळत नाहीत म्हणून मान फेकून ती नजर नेते, तिची मान धरू नका. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या, तोपर्यंत मायेनं तिचं डोकं दोन्ही हातात धरून ठेवायच्या, झटका लागू नये म्हणून. आम्ही सगळे मिळून तिची बघायची एकमेव वाट बंद करत होतो. त्या दिवसापासून सोडलं. खेळणं दाखवून थांबायचं, मनात पाच मोजायचे, तिला मान फेकू द्यायची. महिन्याभरात ती माझ्याकडे बघून हसली, म्हणजे आधी मान गेली, मग डोळे आले, मग हसली.

दुसरं म्हणजे उगाच खर्च करायला लावत नाहीत. मी वेज आणि बोल्स्टर (मुलाला टेकवायची उतरती उशी आणि लोड) विकत घ्यायला निघाले होते, मॅडम म्हणाल्या घरी सोलापुरी चादर आहे ना, घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीनं बांधा, छातीखाली ठेवा. दीड वर्ष तीच वापरली. रव्याची खीर किती घट्ट करायची, चमचा जिभेच्या मधे ठेवून किंचित दाबायचा म्हणजे जीभ बाहेर ढकलत नाही, दुधात कुस्करलेल्या भाकरीवर कधी यायचं, हे सगळं माझ्या हातानं करून घेतलं, नुसतं सांगितलं नाही. अठराव्या महिन्यात हात टेकून बसली, एकविसाव्यात बिनाटेकू. आता रिव्हर्स वॉकर घेऊन, म्हणजे तो मागून ओढायचा असतो तो, अंगणातून तुळशीपर्यंत जाते. तोल जातो, पाय फाकवून चालते, पण जाते.

एका ठिकाणी आम्हाला स्टेम सेलचं सांगितलं होतं, मणक्यातून इंजेक्शनं, काही लाख खर्च, वर्षात चालेल म्हणून. आम्ही दागिने मोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. मॅडमना विचारलं तर त्यांनी एक क्षण न घालवता सांगितलं की या आजाराला ते उपयोगी पडतं असा काही पुरावा नाही, पैसे ठेवा, पुढे तपासण्यांना लागतील. स्वतःचं सेशन वाढवा असंही म्हणाल्या नाहीत.

महिन्यातून एकदा इथे जेनेटिक काउन्सेलर (आनुवंशिक आजार समजावून सांगणाऱ्या) येतात, त्यांची वेगळी फी आहे पण द्याच. रक्त घेऊन एक्झोम टेस्ट (जीनची तपासणी) पाठवली, सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला, सीईपी२९० नावाच्या जीनमधे बिघाड. या आजाराचे तीसपेक्षा जास्त जीन आतापर्यंत सापडलेत. काउन्सेलर ताईंनी समजावलं की पेशींवर केसासारखे पण त्याहून खूप बारीक अँटेना असतात, बिघाड त्यांच्यात आहे, आणि ते फक्त मेंदूत नसतात, डोळ्याच्या पडद्यात असतात, किडनीत असतात, लिव्हरमधे असतात. म्हणून हा नुसता मेंदूचा आजार समजून बसायचं नाही, आणि हिच्या जीनमधे डोळे आणि किडनी जास्त सांभाळायची.

आत्याला मी मुद्दाम बरोबर नेलं होतं. माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय, आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, आणि तोपर्यंत गावात दोन गट पडले होते, एक म्हणणार सुनेचा दोष, दुसरा म्हणणार नात्यात केलं म्हणून. काउन्सेलर ताईंनी कागदावर चार गोल काढले. आईकडे त्या जीनची एक बिघडलेली एक चांगली कॉपी, बापाकडे तशीच, दोघंही ठणठणीत, आणि दोन्ही बिघडलेल्या एकाच बाळात आल्या तरच आजार, दर खेपेला चारात एक शक्यता. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच बिघडलेली कॉपी असण्याची शक्यता वाढते हे खरं, पण अजिबात नात्यात नसलेल्या जोडप्यांनाही अशी मुलं होतात, आणि मुलगा की मुलगी याचा या जीनमधे संबंध नाही. आत्यानं विचारलं, "म्हणजे माझ्या भावाकडून पण आलं आणि माझ्याकडून पण?" ताई म्हणाल्या हो, तुमच्या आई किंवा वडिलांपैकी एकाकडे असणार, त्यांनाही माहीत नव्हतं. आत्या बसस्टँडपर्यंत काही बोलल्या नाहीत. गाडीत बसल्यावर त्यांनी चिऊला माझ्याकडून घेतलं आणि बार्शी येईपर्यंत दिलं नाही. आता मंगळवारच्या सेशनला त्याच घेऊन येतात.

पुढच्या बाळाचं पण स्पष्ट सांगतात, घाबरवत नाहीत. जीन सापडला असेल तर पुढच्या खेपेला अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. म्हणून चिऊसारखं मूल ज्यांच्याकडे आहे त्यांनी दुसरा विचार करायच्या आधी टेस्ट करून घ्या, दिवस गेल्यावर धावपळ नको. आम्ही काय ठरवलं ते इथे लिहीत नाही.

आणि एक गोष्ट जी दुसरीकडे कुठे मिळाली नाही. इथे प्रत्येक मुलाचं एक पिवळं कार्ड आहे. चिऊच्या कार्डावर वर्षाला एकदा किडनी-लिव्हरची सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ताची टेस्ट), लिव्हरच्या टेस्ट, लघवी, ब्लड प्रेशर आणि डोळ्याचा पडदा असं लिहिलंय आणि महिना आला की काउंटरवरच्या ताई फोन करतात. गेल्या वर्षी गप्पा मारता मारता मी म्हटलं की हल्ली रात्री उठून तांब्याभर पाणी पिते आणि अंथरूण ओलं करते. थेरपिस्टनी हातातलं काम थांबवलं आणि मॅडमना बोलावलं. कार्डाला अजून चार महिने होते तरी त्याच आठवड्यात तपासण्या करायला लावल्या. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही असं निघालं, सुरुवात आहे, क्रिएटिनिन अजून ठीक आहे. आता किडनीच्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी. ताप आला तर पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन त्यांना विचारल्याशिवाय नाही. मी तर उन्हाळा आहे म्हणून पाणी पितेय समजत होते. या मुलांत जास्त पाणी पिणं आणि रात्री जास्त लघवी हे लक्षण आहे, लिहून ठेवा.

तक्रारी पण आहेत. सेंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. ज्या जागी न चालणारी मुलं येतात तिथे हे बरोबर नाही, चिऊ आता १४ किलोची आहे, वर वॉकर, वर डब्याची पिशवी, आत्याचे गुडघे. मी दोनदा लिहून दिलंय. स्पीच थेरपिस्ट मधे सोडून गेल्या आणि सात महिने कोणीच नव्हतं, चिऊचं त्यात नुकसान झालं, तिला कळतं खूप पण तोंडाला शब्द जुळवता येत नाहीत, अशा वेळी सात महिने म्हणजे फार. नवीन आल्या आहेत त्या चांगल्या आहेत, त्यांनी घरातले फोटो काढायला सांगून फोटोंची वही करून दिली, भाकरी, पाणी, शू, बाबा, गाय. चिऊ बोट ठेवून मागते. आत्याच्या फोटोवर बोट ठेवून "आत्ती" म्हणते, ते मात्र तोंडानं. आणि एकदा एका नवीन मुलीनं पायाचे स्प्लिंट (आधाराचे साचे) इतके घट्ट बांधले की टाचेला फोड आला. सांगितल्यावर मॅडमनी माफी मागितली आणि तेव्हापासून स्प्लिंट काढून त्वचा बघितल्याशिवाय सोडत नाहीत. झालं ते झालं पण तुम्ही स्वतः पण बघत जा.

पाचपैकी चार स्टार, लिफ्ट झाली की पाचवा देईन.

फी ४५० रुपये सेशन, महिन्याचे एकदम भरले तर थोडी सूट, खरंच जमत नसेल तर मॅडमशी बोला, ऐकून घेतात. परवडतच नसेल तर आधी सरकारी बघा, अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारा, २०१३ पासून बालस्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांची तपासणी आणि थेरपी फुकट असते. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढून ठेवा, आणि निरामय नावाचा आरोग्य विमा आहे नॅशनल ट्रस्टचा, वर्षाला एक लाखापर्यंत, मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांग मुलांसाठी, त्यात थेरपीचे पण पैसे मिळतात. फॉर्म भरायला काउंटरवरच्या ताई मदत करतात, आमचा त्यांनीच भरला.

सोमवार बंद. शनिवारी फार गर्दी, दीड तास थांबावं लागतं. पहिल्यांदा जाताना सगळे जुने कागद, सीटी-एमआरआयची फिल्म (नुसता रिपोर्ट नको) आणि मोबाईलमधले व्हिडिओ घेऊन जा. बाळाला येताना दूध पाजून आणा, वर गरम पाण्याची सोय नाही. आणि गेल्या आठवड्यात बाकावर भेटलेल्या ताई, तुम्ही हे वाचत असाल तर मॅडमकडून चिठ्ठी घेऊन लवकर जा, एमआरआयची तारीख मिळायला वेळ लागतो, मी शुक्रवारी ११ ते १२ तिथेच असते, कधीही येऊन बोला.